सोंगणीच्या तोंडावर घेतलेली सुई

प्रिय माय,

आज परभणीला जाऊन गुडघ्यात इंजेक्शन घेऊन आले. तू गेल्यापासून तुला लिहायचं मनात होतं, पण हात रिकामे कधी असतात? आज आहेत. सोयाबीन सोंगणीला आलंय, रानात कापायची घाई आहे आणि मी भर दिवसा ओट्यावर पाय पसरून बसलेय. खरं वाटतं तुला?

सकाळी निघताना जाऊबाईंनी अडवलंच. "नको घेऊस बाई. त्या सुईनंच तुझ्या आईचे गुडघे घालवले." असा राग आला मला! एकट्या सुईला का बोल लावायचा? गुडघे आधीच झिजले होते तुझे.

तू पहिल्यांदा सुई घेतलीस, तेव्हा मी माहेरी आले होते. डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला होता. आणि तू काय केलंस? देवगाव फाट्याला बसमधून उतरलीस ती थेट रानात! पदर खोचून उकिडवी बसलीस आणि सोंगायला लागलीस. "बघ की, कायबी दुखंना. लय गुणाची सुई हाय!" म्हणून हसत होतीस. अगं, दुखायचं थांबलं होतं, झिजायचं नाही!

मग दर सोंगणीच्या तोंडावर तुझं तेच. एका डॉक्टरांनी "इतक्या लवकर परत देणार नाही" म्हटलं, तर दुसऱ्याकडे गेलीस आणि आधीच्या सुया त्याच्यापासून लपवल्यास. एवढी हुशारी कशाला दाखवलीस गं? शेवटी भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचीस. आणि एका पहाटे झोपेतच गेलीस. जन्मात तेवढाच काय तो आराम केलास!

मी आज डॉक्टरीणबाईंना सगळं विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, याने काही आठवडे, कुणाला काही महिने बरं वाटतं, पण झिजलेलं भरून येत नाही. सारखं सारखं घ्यायचं नाही. मांडीचे व्यायाम करायचे, उकिडवं बसायचं नाही. आणि हो, दोन दिवस आराम.

मघाशी तुझे जावई विळा घेऊन दारात आले.

"दुखायलंय का?"

"न्हाई."

"मग चल की रानात. बाया कमी पडायल्यात."

दुखत असतं तर चकार शब्द काढला नसता त्यांनी. माय, तुला इथंच कधी जमलं नाही बघ. कण्हल्याशिवाय बसायची लाज वाटायची तुला. कुणी शिकवली होती गं ही लाज?

मी म्हणाले, "दुखत न्हाई. तरीबी येणार न्हाई."

ते विळा घेऊन एकटेच रानाकडे वळले. आत सासूबाईंनी भांडी आपटली. आपटू देत.

छातीत अजून धडधडतंय, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण तुला शब्द देते. उद्या दुखलं तरी मी बसणार, आणि अजिबात नाही दुखलं तरी बसणारच.

तुझी हट्टी लेक,
सुमन