आमच्या घराचा नंबर लागला

६ नोव्हें., गुरुवार

सुहास सकाळी केबिनमध्ये आला आणि दार लोटून घेतलं. एरवी हा माणूस बाहेरूनच ओरडतो. फील्डचं सगळं काम तो बघतो, इतकी वर्षं बरोबर आहे, पण असा चेहरा कधी केला नव्हता. म्हणाला, "ताई, बाळकुमच्या नव्या यादीत तुमचं घर आलंय."

यादी कॉम्प्युटर काढतो. त्याला काय माहीत कुणाचं घर. गेल्या वर्षभरात जिथे कुणी गेलं अशा घरांतली काही तो उचलतो, आमच्या ऑफिसची एक मुलगी तिथे जाते आणि घरच्या माणसाला विचारते, काय झालं, कसं झालं, आधी काय त्रास होता. मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेकदा 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच असतं, आणि हृदयक्रिया काय, सगळ्यांचीच बंद पडते. हे वाक्य मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये टाकते. लोक हसतात.

अरुण मेमध्ये गेला. म्हणजे बसतो आम्ही निकषात.

सुहासला म्हटलं, बघू.

७ नोव्हें.

मानपाड्याच्या ऑफिसात मीटिंग. घोळ असा, की मुलाखत घेणारी घरच्यांच्या ओळखीची नसावी. ओळखीच्यापुढे माणूस गोष्ट सावरून सांगतो. नियम माझाच. आणि आमच्या झाडून सगळ्या मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या.

सु. म्हणाला, "वगळूया ना. स्टाफचं घर म्हणून नोंद करू." मी ताडकन म्हटलं, अडचणीची घरं अशी वगळायला लागलो तर उरेल ते सोयीचं संशोधन. फार छान बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

खरं काय ते इथे. मला कुणीतरी विचारायला हवंय. मेपासून कुणी विचारलेलंच नाही. भेटायला आलेले सगळे सांगूनच गेले, कुणाच्या काकांचं असंच झालं, कुणाच्या सासऱ्यांचं. नणंद डोंबिवलीहून फोन करते, "जेवलीस का" विचारते, हो म्हटलं की ठेवते. तिचाही भाऊच गेलाय. तिला कुठे विषय काढायला लावू.

१३ नोव्हें.

मुख्यालयाला कळवलं होतं, मार्थाचं उत्तर आलं. मायेने लिहिलंय. वगळलंस तर बरं, स्वतःला जप, निर्णय तुझ्यावर सोडते, आणि अहवालाचा मसुदा उद्यापर्यंत. 'निर्णय तुझ्यावर.' मोठ्या खुर्चीत बसलं की लोक आपल्याला फार एकटं सोडतात, तेही आदराने.

१७ नोव्हें.

नवी भरती. रेश्मा भोईर, कोलशेतची, कोळीवाड्यातली. पस्तिशीची असेल. आधी पतपेढीत होती. तिला सुहासनेच निवडलं, मी तेव्हा महापालिकेत अडकले होते. तिने मला पाहिलेलं नाही. ऑफिसात माझं माहेरचं नाव, बाळकुमच्या दारावर अरुणचं आडनाव...

हे सगळं मी चहा पिता पिता जुळवलं. स्वतःचीच लाज वाटली. तरी जुळवलंच.

ट्रेनिंगचा पहिला दिवस कायम माझा असतो. सु.ला म्हटलं, या वेळी तू घे. "बरं नाही का?" म्हणाला. बरी आहे म्हटलं. त्याने पुढे विचारलं नाही.

२४ नोव्हें., सोमवार

रजा टाकून घरी. तिकडे ट्रेनिंगमध्ये आत्ता काय चाललं असेल ते मला घड्याळ न बघता सांगता येतं. पाणी घ्यायचं, चहाला नको म्हणायचं. समोरचं माणूस रडलं तर पेन खाली ठेवायचं आणि गप्प बसायचं. 'मी समजू शकते' म्हणायचं नाही. त्या एका वाक्यावरून मी केवढी भांडले होते.

कुकर लावला. एका माणसाचा भात कुकरमध्ये नीट होतच नाही. नेहमीएवढा लावला, उरला, रात्री फोडणी देईन. उद्याही उरेल.

३ डिसें.

सुहासने महिन्याच्या ड्युट्या लावल्या. बाळकुम: रेश्मा. कागद पुढे सरकवून खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बघून घ्या ताई. बदल हवा असेल तर सांगा."

बघितलं. सही केली.

९ डिसें., मंगळवार

आली. ओळखपत्र दाखवलं, संमतीचा कागद सावकाश वाचून दाखवला. मी अरुणच्या आडनावाने सही ठोकली. चहा विचारला, नको म्हणाली. मनात तिला शाबासकी दिली.

मग प्रश्न. ताप होता का? नाही. दम लागायचा का? हो. आणि पुढे मी थांबलेच नाही. आधी जिना चढताना, मग सपाटीवर, मग आडवं झाल्यावर, पायाची सूज त्यानंतर, खोकला कोरडा, रक्त नाही. सगळं क्रमाने, तिने विचारायच्या आत. अरुण किती महिने खिडकीशी खुर्चीत बसून झोपला, आणि मी त्याचं 'आडवं झाल्यावर दम, होय' करून टाकलं.

रेश्माचं पेन थांबलं. "मावशी, पुढला प्रश्न तुम्हाला कसा कलतो?"

म्हटलं, हॉस्पिटलात सारखे हेच विचारायचे. खोटं नाही ते. खरंही नाही.

शेवटचा भाग राहिला, 'काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा' तो. तिला मुलीला शाळेतून आणायचं होतं. तो भाग नंतर घेतला तरी चालतो. उद्या दुपारी येते म्हणाली.

तिला सांगायला हवं मी कोण ते. सांगितलं की मुलाखत बाद, आणि ती बाद व्हायलाच हवी, हे माझ्याइतकं कुणाला कळणार. नाही सांगितलं, तर उद्या ती इथे बसून ऐकेल, शेवटपर्यंत.

चपला घालता घालता म्हणाली, "काका कसं होते, ते पन सांगा उद्या. ते लिवायचं नाय, असंच."

असं विचारायचं नसतं. दुसऱ्या घरी विचारलं असतं तर मी तिला केबिनमध्ये बोलावलं असतं.

दार लावलं. अरुण कसा होता? पहिलं आलं ते, चिडका होता. भाजीवाल्यावर, क्रिकेटवर, माझ्यावर. तिथून सुरुवात केली तर चालेल. पुढचं आपोआप येईल. ते दुसरं, मी कोण ते, त्याच्या आधी सांगायचं की नंतर, हे अजून ठरत नाही.