बाबांचा रोलर

झ्विकाउ, ३ मार्च १९९७

प्रिय रोसविता,

तू बरी असशील, तुझ्या रोल्फची पाठही बरी असेल, असं धरून चालते. इथे थंडी हटत नाही. माझे गुडघे आहेत तसेच.

बाबांचा भिंतीवर फुलं उमटवायचा नक्षीचा रोलर पाठव. त्यांची हत्यारांची पेटी कासेलला तू नेलीस, म्हणजे तो तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस.

आई माझ्याकडे आल्यापासून कोट काढत नाही. डोक्यावर टोपी, मांडीवर पर्स, खुर्चीच्या कडेवर बसून असते, डॉक्टरकडे नंबर लागायचा असावा तशी. म्हणते, "तुमचे फार आभार, बाई, पण आता मला घरी जायला हवं." बाई! मला!

तिचं घर राहिलंय कुठे? भाड्याची जागा सोडताना भिंती पांढऱ्या करून द्यायच्या असतात, मी दिल्या. बाबांच्या ट्यूलिपच्या भिंतीला दोन हात मारले तरी फुलं खालून दिसत होती. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणून आता तीच फुलं इथे तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर काढणार. बघून थांबली तर थांबली.

वृद्धाश्रमात जागा झाल्याचं त्यांनी मलाही कळवलंय. तू हो म्हणून मोकळी झालीस. मी अजून म्हटलेलं नाही.

मी कँटीनच्या कामावर असते तेव्हा ती एकटी कशी राहते, विचारलंस. राहते. बसून राहते. काही होत नाही.

रोलर पाठव.
हायड्रुन


झ्विकाउ, १९ मार्च १९९७

प्रिय रोसविता,

रोलर मिळाला. धुऊन-पुसून, कागदात गुंडाळून. तुझंच काम. सोबतचं चॉकलेट आईने खाल्लं, कोट घालूनच.

शनिवारी भिंत रंगवली. खाली फिकट पिवळा, वर तपकिरी फुलं. छतापासून एका दमात खाली ओढायचं, पुढचा पट्टा आधीच्याला चिकटून. एक पट्टा जरा सुटला, जाऊ दे. मग आईला आणून उभी केली. तिने बोट लावून रंग वाळलाय का बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण ही आमची भिंत नाही."

मी ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही.

आता ते एकटं राहण्याचं. मी बाहेरून कुलूप लावून जात होते. सोमवारी तिने खिडकी उघडून एक पाय बाहेर टाकला. दुसरा मजला. समोरच्या लिंडिगबाईने नवऱ्याला कँटीनकडे पिटाळलं आणि स्वतः रस्त्यात उभी राहिली. मी धावत आले तेव्हा ती वर बघून विचारत होती, "आणि बटाट्याच्या सूपात पाला कुठला घालता म्हणालात?" आई खिडकीत बसून म्हणत होती, "आधी बटाटा तरी नीट शिजवा!"

मी मागून कमरेला धरून तिला आत ओढलं. दोघी पलंगावर आडव्या पडलो, माझं डोकं काठावरून खाली लोंबलं, आणि समोर फुलं उलटी दिसली. तीच आपली भिंत, रोसविता! लहानपणी आपण अशाच डोकी खाली सोडून पडायचो ना, फुलं सरळ दिसावीत म्हणून? तुझ्या जन्माच्या वेळी आई दवाखान्यात असताना बाबांनी ती भिंत रंगवली, रोलरच्या चौकटीत नक्षीचं रबर उलटं बसवून. आई घरी आली आणि हसता हसता टाके दुखले म्हणायची. भिंत तशीच ठेवली. आणि तू शहाणी, रबरावरचा बाण बघून ते नीट बसवून पाठवलंस. मीही गाढवच, तशीच ओढत गेले.

काल परत पिवळा मारला. आज रबर फिरवून फुलं काढली. आई खुर्चीवरून बघत होती. तिसरा पट्टा खाली आला तशी मला बाबांच्या नावाने म्हणाली, "एर्हार्ट, उलटी आलीत रे." मग कोटाची बटणं सोडली आणि कोट माझ्या हातात दिला. टोपी अजून डोक्यावर आहे.

हे किती टिकेल मला माहीत नाही. वृद्धाश्रमाला 'नको' म्हणून कळवलंय. कुलूप मी परत लावणार नाही आणि रजा रविवारपर्यंतच आहे. रोल्फची पाठ रोल्फ बघेल. तू ये. माझ्याच्याने एकटीने होत नाही, झालं, लिहिलं. पलंग दोघींना पुरेल, डोकी खाली सोडायची असली तरी.

दार नुसतं लोटून ठेवलंय.

तुझीच,
हायड्रुन