मिठाचा भाऊ

२ फेब्रुवारी १९५८
माह्या नातवानं, डोमानं, आज जाळं फेकलं. बोडीच्या पाण्यात नाई — शेताच्या कोरड्या बांधीत! धान कापून दोन महिने झाले, ढेकळं तेवढी उरली. आन हा धोतर खोचून जाळं फेकते, ओढते, पुन्हा फेकते. "बुढे, पाहा, मरळच मरळ!" पाच दिवस झाले, डोळ्याला डोळा नाई त्याचा. तोंडालेबी दम नाई.

त्याची बायको कुंता बांधावर उभी राहून रडे. मी म्हटलं, "रडून काय होते? दुसरं टोक धर, जाळं फाटून राह्यलं." धरलं तिनं.

४ फेब्रुवारी
लटारू पुजारी आला. देव अंगात आला म्हणे. मी म्हटलं, "देवाले अख्खं जंगल मोकळं, माह्या नातवाच्याच अंगात काऊन घुसते?" लटारू म्हणे, "डोकरे, तोंड सांभाळ. नऊ आठवडे अळणी जेवू घाल त्याले." अळणी! ढिवराच्या घरात! मासोळी खारवाची मिठाची गोणी दारातच उभी हाये. हाकलून दिलं.

मागच्या सालीबी असंच झालं. बारा दिवस उधाण, मग दोन महिने भितीकडे तोंड. जेवण नाई, आंघोळ नाई. "मी मेलो तर बरं" — एवढंच बोले. याचा बाप, माहा लेक, तसाच होता. बाप बोडीत गेला. पाय घसरला, असं आम्ही लोकांना सांगतलं. मीच सांगतलं.

लेक गेला. आता हा एकटाच. बोडी घरापासून पन्नास पावलं हाये.

९ फेब्रुवारी
चांद्याले गेलो होतो. बैलाचं खाचर, मग नदीच्या रेतीतून पायी, मग मोटार. मोटारीत डोमानं सगळ्यांना जेवाचं आवतन दिलं. कंडक्टरलेबी.

डॉक्टर तरणा हाये, विलायतेत शिकून आला. बाकावर एक मास्तराची बायको होती, हात धुवून धुवून कातडं गेलं तिचं. एक शिपाई — दार वाजलं की घामाघूम. मले वाटे, असं माह्याच घरात हाये. बाक भरला होता!

डॉक्टर म्हणे, "आजी, हे देवाचं नाही न् करणीचंही नाही. मेंदूत रस असतात. भाजीत मीठ कमीजास्त झालं की ती कशी बिघडते, तसंच हे." मी विचारलं, "कोणता रस बिघडला?" म्हणे, "ते अजून मलाही नीट माहीत नाही. कोणालाच नाही." खरं बोलला. म्हणून आवडला.

गोळी दिली, पांढरी. नवीन हाये म्हणे, इकडे कोणी देत नाई. "ही क्षाराची गोळी. मिठाचाच भाऊ समजा. सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवणखाण नेहमीसारखं ठेवा, पाणी भरपूर पाजा. काही वेगळं वाटलं तर ताबडतोब घेऊन या."

डबी कुंताच्या पदरात बांधली. गोळी तिच्याकडे, सैपाक माह्याकडे.

१२ फेब्रुवारी
अजून बडबड चालूच. मिठाचा भाऊ आळशी दिसते.

२४ फेब्रुवारी
झोपला! काल जेवून निजला तो आज ऊन वर आल्यावर उठला. उठून जाळं घेतलं, फाटलेलं शिवत बसला. एक शब्द जास्त नाई. कुंताले म्हणे, "लय तरास दिला ना तुले?" ती चुलीपुढं होती, धुराचं नाव सांगून डोळे पुसून राह्यली.

मी म्हटलं, "नारळ फोडाचा तर त्या डबीवर फोडा."

६ मार्च
डोमाचा हात कापते. थोडासाच, पण जाळ्याचा दोरा सुईत जात नाई. आन पाणी किती पेते! मडक्यामागं मडकं.

मी विचार केला. खारी मासोळी जास्त खाल्ली की माणूस काय करते? पाणी पेते. म्हणजे याच्या अंगात मीठ जास्त झालं! गोळी मीठ, वरणात मीठ, सुकटीत मीठ. डॉक्टर शहरातला, त्याले आमच्या घरची सुकट काय माहीत? एका ताटात दोन भाऊ नाई जेवत. एकाले उठवा लागते. गोळी तर चुकवाची नाई म्हणे. मग उठवाचं कोणाले, हे सांगाले विलायत पाहाची गरज नाई.

उद्यापासून त्याचं लाखोळीचं वरण वेगळं. बिनमिठाचं. कुंताले सांगतलं नाई. तिले सांगतलं तर ती हजार गोष्टी विचारते.

९ मार्च
"बुढे, वरणात काई नाई." "जीभ बिघडली तुही. खा."

खाल्लं. लहानपणापासून माह्या हातचं खाते तो.

१८ मार्च
ऊन लय तापलं. सगळे मोहफुलं वेचाले गेले, घामानं भिजून येते. डोमाबी गेला होता.

दुपारी पाह्यलं तर हा दारात, मिठाच्या गोणीत हात घालून. मूठ काढून चाटत होता. गुरासारखा! मले पाहून लाजला. "बुढे, थोडसंच. जीव मागते."

हातावर चापट मारली. गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं आन वर मी बसली. तो पाहत राह्यला. मग गेला.

बरा होत आला आन आता हे नवं येड काढलं, असं मले वाटलं.

२३ मार्च
ओकारी. हगवण. चालते तर भिताडाला धरून. लोक म्हणे मोहाची दारू पिला. मी तोंड हुंगलं. दारू नाई.

लटारू अंगणातून ओरडे, "गोळ्यांचं येड अंगात भिनलं! त्या बाईनं किती चारल्या, विचारा तिले!" कुंता म्हणे, "दोनच, आजी, शपथ. एक सकाळी, एक सांजी."

वरण सोडलं. नुसती पेज पाजली. बिनमिठाची.

२५ मार्च
जीभ जड झाली. "बुढे" म्हणाले गेला, "बू... बू..." एवढंच. कुंताले ओळखलं नाई. खाचर जुंपलं.

२६ मार्च
चांदा. डोमा खाटेवर. हातात सुई, वर बाटली. मी विचारलं, "बाटलीत काय हाये?" नर्सबाई म्हणे, "मिठाचं पाणी."

मी खाली बसली.

डॉक्टरनं कुंताले विचारलं, गोळ्या किती दिल्या. डबी उघडून पाह्यली, पण आधी मोजून किती दिल्या ते त्यालेबी आठवत नव्हतं. मग कुंता डोमाजवळ गेली तेव्हा मले बाजूला घेतलं. "आजी, खरं सांगा. उन्हाळा आहे. जेवणात मीठ नीट होतं ना?"

मी म्हटलं, "काऊन?"

म्हणे, "अंगात मीठ कमी पडलं की शरीर या गोळीलाच धरून बसतं. बाहेर सोडत नाही. मीठच समजतं ते तिला. मग तिचंच विष होतं."

अंगालेबी माह्यासारखंच वाटलं. मीठ हाये, ठेवून घ्या.

"होतं ना मीठ?"

"होतं," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. ढिवराच्या घरात मीठ नसन काय, असंबी वर म्हटलं.

तो म्हणे, "मग गोळ्या जास्त गेल्या असतील. बायका घाबरून डबल देतात कधीकधी." आन कुंताकडे पाह्यलं. ती डोमाचे पाय दाबून राह्यली होती.

तेव्हा बोलता आलं असतं.

२ एप्रिल
डोमानं डोळे उघडले. वाचला. डॉक्टर म्हणे, गोळी आता पुन्हा देता यायची नाही. "मग उधाण आलं तर?" "बघू." "बोडीकडे गेला तर?" म्हणे, "ते मलाही माहीत नाही." खरं बोलणारा माणूस हाये.

११ एप्रिल
घरी आणला. चालते ते बदकासारखं. बोलते ते दारू पिल्यावाणी. आज जाळं हातात घेतलं, खांद्यावर टाकलं, फेकाले गेला — पायातच पडलं. गुंडाळून ठेवलं त्यानं. पुन्हा उचललं नाई.

आता आम्ही जेवणात मीठ टाकून राह्यलो. पुरेपूर.

१५ एप्रिल
गावात सगळे बोलते. कुंतानं जाणूनच जास्त गोळ्या घातल्या त्याले. येडा नवरा नको होता तिले. पाणवठ्यावर बायका तिच्या घागरीजवळ घागर ठेवत नाई. लटारूनं तर सांगतलं, पंच बसवा, बाईले माहेरी धाडा. दवाखान्यातलं बोलणं गावात पोचलं: डॉक्टरनंच म्हटलं ना — जास्त गोळ्या गेल्या!

कुंता मले विचारे, "आजी, तुम्ही तर घरातच होत्या. मी जास्त दिल्या काय? माह्याच हातून चुकलं असन काय? मले आठवत नाई." पोट्टी आता स्वतःवरच शक घेऊन राह्यली.

मी म्हटलं, "आंबील घे, थंड होते."

१७ एप्रिल
डोमा भितीकडे तोंड करून बसला. सकाळपासून.

१८ एप्रिल
तसाच. कुंता त्याच्यापाशी बसून राह्यते, पाठीवर हात ठेवून. मी दारात बसली असतो, बोडीच्या बाजूनं. ती गेली तर मी एकटी डोकरी. दोन डोळे, तेबी एक अधू. मी झोपली की त्याले कोण धरन?

म्हणून सांगाव म्हणतो? का लाज जाईन म्हणून नाई सांगाव? लबाड हावो मी. दोन्हीकडून स्वतःचंच पाहतो.

१९ एप्रिल
कुंताचा भाऊ पोचू गाडी घेऊन आला. उद्या नेतो म्हणे.

२० एप्रिल
कुंता गाठोडं बांधून बसली होती. तिले वाचता येत नाई; मले माह्या लेकानं शाळेतून येऊन शिकवलं होतं. म्हणून ही वही मीच वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. आवाज चढवून वाचली. अंगणात पोचू होता, लटारू होता, त्यांनीबी ऐकावं. डोमा भितीकडेच तोंड करून होता.

वाचून झालं. मग कुंता म्हणे, "मिठाच्या गोणीवर तुम्ही बसल्या, ते पान अजून एक डाव वाचा."