गोलातली फट

१८ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय चिमट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, तुझ्या घरचेही. माझं अक्षर पाहून दचकू नकोस. वाईट बातमी द्यावी असं आता इथे कोणी उरलेलं नाही.

बाबा गेल्याचं तुझ्या बायकोला फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, सांगते त्यांना. तेवढंच म्हणाली आणि बरोबरच केलं. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी विचारलं, मुलगा कुठे असतो? मी म्हटलं, लांब. एक्केचाळीस वर्षं हेच एक उत्तर पुरवून पुरवून वापरते आहे.

माझं म्हणशील तर ठीक. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण कोणाचीही वही दिसली की हात अजून लाल पेन शोधतो. गुडघे कुरकुरतात. जिन्याची तिसरी पायरी तशीच सैल आहे. तू तिच्यावरून उडी मारायचास. मीही मारते, मनातल्या मनात.

आता कामाचं. हे घर मी सोडते आहे, तेव्हा माडीवरच्या छोट्या आगगाडीचं काय करायचं हा प्रश्न होता. तीच ती, चार बाय आठची फळी, बोगदा, दोन स्टेशनं, खाली तुझ्या तारांचं जाळं. छोट्या गाड्यांचा नाद असलेल्या लोकांचं एक मंडळ आहे, त्यांना ती हवी आहे. त्यांनी एका निवृत्त टेलिफोन लाइनमनला पाहायला पाठवलं. पोट सुटलेला, बोलका माणूस. फळीखाली उताणा झोपला आणि तिथूनच गप्पा मारत राहिला. पहिलंच वाक्य असं, “बाई, हे वायरिंग कोणी केलंय? चाळीस वर्षांत एक डाख सुटलेला नाही.” मी म्हटलं, माझ्या भावाने. “इंजिनिअर का?” मी नुसतं हं केलं. तू घर सोडल्यापासून साध्या बल्बलासुद्धा हात लावत नाहीस असं तुझी बायको म्हणते, हे त्याला कशाला सांगू.

त्याने सगळी बटणं चालू केली, ट्रान्सफॉर्मर लावला. एकदा घुर्र झालं आणि सगळं ठप्प. “शॉर्ट आहे,” म्हणाला, आणि मीटर काढला. मग मला शिकवत बसला. शॉर्ट शोधणं म्हणजे एकत्र कुटुंबात चहाड्या कोण करतो ते शोधणं. एकेकाला घराबाहेर काढायचं, आणि ज्याच्या जाण्याने घर शांत होईल तो चोर. असं म्हणून त्याने एकेका भागाची तार सोडवली. मीटर पीं करत राहिला. सातवी तार सोडवली आणि गप्प झाला. सातवा भाग, म्हणजे तुझा गोल.

आपल्याकडे नेमकं हेच झालं होतं ना? तू गेलास आणि घर शांत झालं. म्हणून चोर तूच ठरलास.

तो गोल तुझ्या हौसेचा. गाडी हाताने न उचलता आपली आपण वळून परत यावी म्हणून घातलेला. बाबांना तो पहिल्यापासून नको होता. गोलात डावा रूळ फिरून उजव्याला मिळतो, प्लस मायनसला भिडतो. तू मला वहीत आकृती काढून समजावलं होतंस. म्हणून तू गोलाच्या तोंडाशी दोन्ही रूळ करवतीने कापून नखाएवढी फट ठेवलीस, आणि गोलाला वेगळं बटण दिलंस. त्या दिवशी सकाळी तू तीनदा गाडी फिरवून पाहिलीस. मी दारात उभी होते. तिन्ही वेळा ती वळून परत आली आणि तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास.

संध्याकाळी बाबांचे साहेब आले, आणखी चौघे आले. तू गोलाचं बटण दाबलंस आणि गाडी बोगद्याच्या तोंडाशीच थांबली. जळकट वास आला. साहेब हसून म्हणाले, तुमची गाडीसुद्धा तुमच्या कामासारखीच वेळेवर. सगळे हसले. बाबाही हसले. मला ते हसू आजही दिसतं. कपबशा मी घाईघाईने आत नेल्या, कारण त्या हसण्यानंतर काय येतं ते आपण तिघं ओळखून होतो.

पाहुण्यांचे जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले आणि बाबांनी तुला फळीखालून केसांना धरून ओढलं. तुझं कपाळ आडव्या दांड्यावर आपटलं, रक्त डोळ्यात उतरलं. तू एकोणीस वर्षांचा, त्यांच्याहून उंच. पण हात उचलला नाहीस. एकच वाक्य म्हणत राहिलास, “माझं वायरिंग बरोबर आहे.” त्यांनी पट्ट्याने मारलं, तू तेच म्हणालास. पोटात लाथ घातली, तू खाली बसून तेच म्हणालास. “बरोबर असतं तर गाडी चालली असती,” असं म्हणून त्यांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं आणि तुझा हात फळीवर दाबून धरला.

आई मध्ये पडली. बाकीचं तुला माहीत आहे. तो आवाज मी लिहिणार नाही. दवाखान्यात आईनेच सांगितलं की तळताना तेल उडालं.

पुढे एकोणीस वर्षं ती एका डोळ्याने जगली. कोणी डावीकडून आलं की अख्खी मान वळवायची. घर सोडल्यावर तुझं एकच पत्र आलं, तिच्या नावाने. तिला वाचता येईना म्हणून मी वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस, माझ्या चुकीने तुझा डोळा गेला, मला क्षमा कर. आई म्हणाली, “त्याला लिही, तुझं काही चुकलं नाही.” मी लिहिलं. फक्त आईचं म्हणून लिहिलं. माझ्याजवळ जे होतं ते लिहिलं नाही.

चिमट्या, लाइनमनने फटीत बारीक चिमटा घातला आणि काहीतरी काढून माझ्यासमोर धरलं. काळपट, केसांच्या गुंत्यासारखं. “तारेची घासणी,” तो म्हणाला. “भांड्यांची. हिने कधी रूळ घासू नयेत. बारीक तारा तुटून फटीत अडकतात. कोणी वापरली?”

मी म्हटलं, काय की.

त्रेसष्टाव्या वर्षी मी पुन्हा तेच केलं.

त्या दुपारी तू जेवायला खाली गेला होतास. साहेब येणार म्हणून मी वर गेले. शाळेत सिस्टरांनी पितळी दिवे घासायला शिकवलं होतं, चेहरा दिसेपर्यंत घासायचं. रूळ मळलेले वाटले. स्वयंपाकघरातली घासणी घेऊन मी सगळे रूळ लखलखीत केले, फटीवरून जरा जास्तच जोर देऊन, कारण तिथे काळं साचलं होतं. तुला खूश करायचं होतं मला. नंतर मारामारी चालू असताना मी दाराला टेकून उभी होते आणि माझ्या बोटांना तेच काळं लागलेलं होतं. तूच म्हणाला होतास की लोखंडाचा कणसुद्धा फटीवर पडता कामा नये. म्हणजे मला कळलं होतं. तेव्हाच, तिथेच. तोंड उघडलं असतं तर ते आयर्न माझ्याकडे वळलं असतं. मी बावीस वर्षांची होते आणि गप्प राहिले.

अजून एक आहे, ते याहून जड.

गेल्या मार्चमध्ये जेवण द्यायला उशीर झाला म्हणून बाबांनी काठी फेकून मारली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही नेम चुकत नव्हता. काठी उचलायला वाकले आणि का कोण जाणे, तिथेच मी त्यांना सगळं सांगितलं. घासणीचं, फटीचं, तुझी काही चूक नव्हती ते. वाटलं, निदान आता या माणसाला काहीतरी होईल.

ते शांतपणे म्हणाले, “माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी इंजिन उघडलं होतं. मोटरच्या चुंबकाला घासणीच्या तारा चिकटलेल्या होत्या.”

मी विचारलं, “मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू बोललीस?”

मी काठी घातली. चिमट्या, मी त्यांच्या डाव्या भुवईवर काठी घातली, होती नव्हती ती ताकद लावून. कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, अगदी तुझं उतरलं होतं तसं. त्यांनी हात आडवा धरला, आणि तरी मी दुसऱ्यांदा मारलं. मनगटात कट् असं वाजलं. तिसऱ्यांदा उचललेली काठी कशी थांबली ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना मी म्हटलं, न्हाणीघरात पाय घसरला. आईचाच आवाज निघाला माझ्या गळ्यातून. पुढचे आठ महिने त्यांना रोज घास भरवले. तो घास घेताना ते माझ्या हाताकडे बघत, तोंडाकडे नाही.

क्षमा मागायला हे लिहीत नाही. मागायचा हक्क कुठून आणू? तुला जे एक्केचाळीस वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं ते देते आहे. पाकिटात चिकटपट्टीखाली तो गुंता ठेवला आहे. नीट उघड, बोटाला टोचेल.

मंडळाचा टेंपो शनिवारी यायचा होता. मी थांबवला आहे. फळी तुझी आहे. तू म्हणशील तर देईन, म्हणशील तर कुऱ्हाडीने फोडेन, आणि तू येऊन फोडलीस तर बाजूला उभी राहीन. या वेळी दाराला टेकून नाही.

फट साफ झाल्यावर लाइनमनने सातवी तार पुन्हा जोडली आणि गोलाचं बटण दाबलं. गाडी बोगद्यातून निघाली, गोलात शिरली, आणि वळून, तोंड माझ्याकडे करून परत आली. तो म्हणाला, एका तारेलासुद्धा हात लावावा लागला नाही.

तुझं वायरिंग बरोबर होतं.

तेव्हाच हे ठाऊक असलेली,
तुझी ताई