आईची बस आणि बाबांचे घर

मी, इडा क्रेनेक, वय ३२, अविवाहित, राहणार हॉलेट्सव्हिल, टेक्सास, बसच्या एअर ब्रेकची तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया आहे. आज मला सगळे नीट समजते आहे आणि मी कोणाच्या दडपणाखाली नाही. ज्याने दडपण आणून पाहिले त्याचा उल्लेख खाली येईल.

१. माझ्या नावावरची बस माझी आई व्लास्ता हिला द्यावी. जुनी प्रवासी बस आहे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर बसवलेले. आईला दुसरे घर नाही.

बस माझ्या नावावर का, तेही नोंदवते. इतक्या जुन्या बसवर कर्ज द्यायला एकच पतसंस्था तयार होती, तीही बस सहलीपुरती असेल तर. कायम आत राहणाऱ्याला नाही. माझा मोठा भाऊ एमिल याने आईला वाटेत पढवले होते, "फक्त उन्हाळ्यात फिरायला, एवढंच म्हण." तिथल्या साहेबांनी सहज विचारले, "बाकीचे महिने बस कुठे ठेवणार?" आई म्हणाली, "अहो, मीच आत असणार, मग कुठंही उभी राहील की!" अर्ज तिथेच संपला. मग बाबांनी मला दिलेले घर मी गहाण ठेवले आणि बस घेतली.

२. ते घर विकून कर्ज फेडावे. उरेल ते एमिलला द्यावे. त्याला हे मान्य नाही. रविवारी कोलाचे, म्हणजे आमचे फळांचे गोड पाव, खाता खाता तो म्हणाला, "इडे, बाबांचं घर घालवायचं आणि ते खटारं ठेवायचं? उलट कर. बस विकून कर्ज फेड, घर मला ठेव."

"आणि आई?"

"माझ्या गॅरेजवरची खोली रिकामी आहे."

आई म्हणाली, "मला न विचारता कुठं ठेवताय रे? मी काय कपाट आहे?"

एमिल उठला. "मी हे कोर्टात पाडीन. डोक्यात फुगा घेऊन लिहिलेलं कोण मानतं?"

३. माझी हत्यारे वर्कशॉपमधल्या ओरालियाला. मोठा पाना आधीच तिच्याकडे आहे. परत मागून मी थकले. आता कोणी मागू नये.

४. आईसाठी सूचना. इंजिन सुरू केल्यावर हवेच्या दाबाची सुई वर येईपर्यंत बस हलवायची नाही. दाब कमी असेल तर ब्रेकचा भरवसा नाही. आईला धीर नाही. निघताना ती मला फोन करते, मी विचारते, "सुई कुठंय?" ती म्हणते, "आली गं, आली." आलेली नसते. माझ्यामागे हे कोणी विचारायचे, ते मला ठरवता आलेले नाही.

५. साक्षीदार. वकिलांच्या मते साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळणे अवघड, आणि मी शुद्धीत नव्हते असे नंतर म्हणणे त्याहून अवघड. हे दोन्ही सांगूनच मी एमिलला सहीला बोलावले आहे. तो बाहेर गाडीत बसला आहे. आत आला नाही तर दुसरे साक्षीदार, शेजारचे मिकेस्का, यांच्या पत्नी सही करतील. त्यांना थांबवून ठेवले आहे. आला तर त्याचा वाटा आईला, बसच्या टायरांसाठी.

हॉलेट्सव्हिल, ८ मार्च २०१९
(सही) इडा क्रेनेक

आमच्यासमोर सही केली:
(सही) लॅम्बर्ट मिकेस्का, शेजारी
(सही) एमिल क्रेनेक, भाऊ. ही शुद्धीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. सुईचं मी विचारीन.