दोन पडले, पाच म्हणाले

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे मात्र माझं डोकं पार चक्रावून गेलंय.

हे कवळ्या बनवतात त्या कामाच्या खोलीच्या वर, माडीवर लढाईचं टेबल मांडलेलं असतं, ते तू पाहिलंयस. बोटाच्या पेराएवढे सैनिक! त्यांच्या एका डब्याला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात नवा पंखा आला असता. आणि डब्यातून निघतं काय, तर राखाडी हात, राखाडी पाय आणि सुटी मुंडकी. चिकटवायची आपण, रंगवायची आपण. टेकड्या तेवढ्या फुकटच्या, दातांच्या साच्यांतून उरलेल्या प्लास्टरच्या. रविवारी टिकटिकरावांचा घड्याळदुरुस्तीचा गाळा बंद असतो, म्हणून ते आपलं सैन्य पेटीत घालून येतात आणि शाळेपासूनचे हे दोन दोस्त संध्याकाळपर्यंत एकमेकांची राज्यं बुडवतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण घर भरल्यासारखं वाटतं.

गेल्या रविवारी मी चहा घेऊन वर गेले, तर दोघे उभे. यांचं म्हणणं, फाशावर दोन पडले आणि टिकटिकराव धडधडीत पाच म्हणाले. तेही पहिल्यांदा नाही. टिकटिकराव आधी म्हणाले पाचच होते, मग म्हणाले की खेळ तर आहे, एवढं काय त्यात. यांनी त्यांना तोंडावर लबाड म्हटलं. भाले वाकतील म्हणून ज्या शिपायांना टिकटिकराव कापसात गुंडाळतात, ते त्यांनी पेटीत अक्षरशः ओतले आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेले. रागाच्या भरात पायरी चुकेल म्हणून असेल.

तेव्हापासून हे जेवताना बोलत नाहीत. जिंकून मिळणार तरी काय होतं, असं मी विचारलं. म्हणाले, काहीच नाही, तेच तर लागलंय. जिथे काही मिळायचंच नाही तिथेही हा खोटं बोलला. आता याला मी काय म्हणू? तुला काही सुचलं तर कळव.

माया आहेच तुझी, अधूनमधून कागदावरही उतरू दे.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बेकरीत वाचलं. मी एवढा हसलो की हाताखालच्या माणसाला वाटलं भट्टी विझली आणि मला वेड लागलं. पन्नाशी उलटलेली दोन माणसं, आणि भांडण मुंडकी चिकटवलेल्या शिपायांवरून! भावोजींना माझा नमस्कार सांग, सैन्याला सलाम.

पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. टिकटिकराव माझ्या लग्नात माझं घड्याळ दुरुस्त करून गेले आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. असा माणूस फाशावर खोटं बोलेल? आमच्याकडे एकजण पाव मोजताना सारखा चुकायचा. कधी जास्त, कधी कमी. मालक त्याला चोर म्हणायचे. मी म्हटलं, लबाड माणूस नेहमी स्वतःच्या बाजूला चुकतो, हा दोन्हीकडे चुकतोय. पुढे कळलं की त्याला बेरीजच येत नव्हती. तेव्हा भावोजींना एवढंच विचार, की टिकटिकराव दर वेळी स्वतःच्याच फायद्याचं बोलले का? मला तरी यापलीकडे काही कळत नाही.

गुडघा ठणठणीत आहे. जिना चढताना कुरकुरतो, पण तसा तर मीही कुरकुरतो.

आठवण ठेवशीलच, रागही थोडा कमी ठेव.

तुझा,
धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न यांना विचारला. फायद्याचंच, दुसरं काय, असं म्हणता म्हणता यांचा चमचा हवेतच थांबला. मध्ये एकदा म्हणे टिकटिकरावांना सहा पडले होते, त्यात यांचा किल्ला कोसळला असता, पण ते तीन म्हणाले. यांना वाटलं मुद्दाम सूट देतोय. मग सूट देणारा लबाड कसा, असं मी विचारलं, तर हे ताटावरून उठले.

मला राहवेना. भिंतीवरचं घड्याळ चांगलं चालत असताना उतरवलं आणि गाळ्यावर गेले. टिकटिकरावांनी डोळ्याला भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग पाखरू बघतं तशी मान तिरकी केली. मागचं झाकण उघडलं आणि मला विचारलं की बारका स्क्रू ताटलीतच आहे ना. त्यांच्या नाकासमोर होता, धाकट्या! मी उचलून हातात दिला. तेव्हा ते भिंग काढून स्टुलावर बसले.

मग म्हणाले की समोर बघितलं की मधोमध एक डाग येतो. कडेचं दिसतं. माझे कान त्यांना दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणतात गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली टिकवायची. सुनेलाही सांगितलेलं नाही. सुटे भाग मिळत नाहीत असं सांगून गिऱ्हाइकांना परत पाठवतात. फाशावरचे ठिपके दिसेनात, तेव्हा अंदाजानं आकडा ठोकून द्यायचे. शेवटी मला शपथ घातली, की यांना सांगायचं नाही. लबाड म्हटलेलं पचवीन, कीव पचणार नाही, म्हणाले.

आता इकडे हे त्यांना नावं ठेवतात, तिकडे ते चाचपडतात, आणि मी भाजीत दोनदा मीठ घालते. सांगितलं तर शब्द मोडतो, न सांगितलं तर दोस्ती. तू काय केलं असतंस?

उत्तर लवकर दे, म्हणजे माया आहे हे मी समजेन.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात सांग म्हटलं होतं, दुसऱ्यात सांगू नकोस. बायकोला विचारलं, तर तिनं मलाच विचारलं की तुझे डोळे असे झाले तर मी कुणाला सांगू? मी म्हटलं कुणालाच नको. आणि लगेच वाटलं की ताईला तरी कळायला हवं. आता तूच बघ याचा अर्थ काय होतो.

तशी तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही. हे पत्र पोचेपर्यंत तू सांगून मोकळी झाली असशील. झाली असशील तर रडू नकोस.

जे होईल ते कळव, मी कुठे जात नाही.

तुझा,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सांगितलं. तुझं पत्र यायच्या आधीच सांगितलं, आता हस.

हे लगेच उठले. खाली कामाच्या खोलीत गेले, दार लावलं. मला वाटलं रडतायत, पण यंत्राचा आवाज येऊ लागला. बाहेर आले ते हातात दोन फासे घेऊन. कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला असतो ना, त्याचे, लिंबाएवढे, आणि वर दातांच्या मसाल्याचे पांढरे उंच ठिपके, बोटाला लागतील असे. ते घेऊन गाळ्यावर गेले आणि हात हलवत परत आले. म्हणाले, फासे ठेवून घेतले, मला हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी टिकटिकराव मला रस्त्यात दिसले. माझ्या अगदी जवळून गेले. त्यांनी तोंड फिरवलं, की मी त्यांना दिसलेच नाही? मला ठरवता येईना. हाक मारायचं धैर्य झालं नाही.

आणि रविवारी पेटी काखेत घेऊन ते दारात हजर! एवढंच म्हणाले की असल्या फाशांनी खेळलं तर दाढ दुखायला लागेल. मग मला शेजारी बसवलं आणि कोण कुठे उभा आहे ते सांगत जा म्हणाले. मला काय कळतंय? मी सांगितलं की केरसुणीवाला जाडा स्पंजच्या झाडामागे आहे. तो त्यांचा निशाणवाला निघाला! पण त्यांना बरोब्बर कळलं.

शेवटी त्यांचे घोडेस्वार यांच्या किल्ल्याच्या दारावर धावले. अंतर मोजायची पट्टी माझ्या हातात. हे समोरून, स्वतःचाच किल्ला पडणार असून, डोळ्यांनी खुणा करत होते, पोचले म्हण, पोचले म्हण. एक बोट कमी पडत होतं. मी गोंधळले आणि जे होतं तेच सांगून टाकलं. घोडेस्वार उघड्यावर अडकले. यांनी माझ्याकडे असं पाहिलं जशी मीच वैरीण. टिकटिकराव मात्र खदखदून हसले आणि म्हणाले, आता कुठे खरा खेळ झाला.

हसता हसताच सांगितलं, की गाळा सोडलाय. हत्यारांसकट एका नव्या कारागीर बाईला दिला. वडिलांच्या वेळचा गाळा, धाकट्या, आणि सांगितलं कसं, तर पाऊस थांबलाय म्हणावं तसं. हे मुठीत फासा घेऊन उभेच राहिले. टिकटिकरावांनी टेबलाच्या कडेनं हात नेत यांचं मनगट शोधलं, आणि पाळी तुझी आहे, टाक, असं सांगितलं.

यांनी टाकला. टिकटिकरावांनी फाशावरून बोटं फिरवली आणि आकडा सांगितला. हे म्हणाले, बरोबर आहे.

मी केलं ते बरोबर की चूक, ते मला अजून सांगता येत नाही. तुला कळलं तर लिही. नाही कळलं तरी लिही.

तुझी,
ताई