आबांना रंग सोसत नव्हते

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की सणसरच्या आपल्या वस्तीवर तुम्हाला पाहिलेली माणसंही आता थोडीच उरलीत. सून सासऱ्याला पत्र लिहीत नाही. तुम्ही असतात तर मीही लिहिलं नसतं. डोक्यावरचा पदर सारखा करून चहा पुढं ठेवला असता आणि गप्प आत गेले असते. पण आपल्या त्या सिनेमाच्या कॉम्प्युटरबद्दल तुमच्याशी एकदा बोलायचं होतं. तुम्ही होतात तोवर लाजेनं बोलले नाही आणि आता लाज आहे, पण तुम्ही नाही.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं ती. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही भर बैठकीत सांगितलं होतं, ‘पोरगी कॉम्प्युटर शिकलीया.’ शिकले होते म्हणजे काय, बारामतीत एक क्लास केला होता. टायपिंग, तक्ते, थोडी चित्रं. त्या पेटीच्या आत काय असतं, ते कधी पाहिलंही नव्हतं. लग्नानंतर त्याच क्लासमधून शिकवायला बोलावणं आलं. मला जायचं होतं, इतकं की रात्री झोप लागत नव्हती. सासूबाईंचं म्हणणं, सून रोज एसटीनं बारामतीला जाणार तर घरचं कोण बघणार, आणि शिकलीय म्हणतात, पण तिला येतं काय ते तरी कळू दे. तुमचा मुलगा माळेगावच्या कारखान्यावरून दमून यायचा आणि दोघींकडं बघून मान हलवायचा. शेवटी तोड तुम्हीच काढलीत. बारामतीत कुणाच्या तरी घरी तुम्ही कॉम्प्युटरमध्ये सीडी घालून टीव्हीवर सिनेमा चाललेला पाहिला होता. ‘तसला आपल्या घरी जोडून दावंल ती. दावला तर कामाला जाईल. बोला.’ सासूबाई बोलल्या नाहीत, म्हणजे ठरलं.

दुकानात तुम्ही टोपी गुडघ्यावर ठेवून बसलात आणि दुकानदाराला म्हणालात, ‘मला इचारू नका. आमच्या सूनबाईला इचारा.’ तो विचारतोय, प्रोसेसर कुठला, रॅम किती, साउंड कार्ड साधं की भारी, आणि मी धडा पाठ असल्यासारखी उत्तरं देतेय. ज्याचं नाव ऐकल्यासारखं वाटेल ते घ्यायचं, एवढंच माझं ज्ञान. मॉनिटर लहान घेतला, कारण सिनेमा टीव्हीवर बघायचा होता. स्पीकर मात्र तुम्ही निवडलेत, कलिंगड वाजवून बघावं तसा एकेक वाजवून. ‘आवाज गोठ्यापातूर गेला पायजे,’ म्हणालात. मग चित्र टीव्हीवर नेणारं कार्ड घ्यायची वेळ आली. त्यानं दोन दाखवली. मी चकचकीत परदेशी खोक्यातलं उचललं. तो म्हणाला, ‘ताई, हा माल नवीन आलाय. जरा थांबा, शेजारून टीव्ही आणतो, रंग नीट येतायत का लावून बघू.’ तुम्ही माझ्याकडं कौतुकानं बघत होतात. मी म्हणाले, ‘काही गरज नाही, मला येतं सगळं.’ आजही हे वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. परतीच्या एसटीत तुम्ही ती पेटी मांडीवर घेऊन बसला होतात आणि प्रत्येक खड्ड्याला तिला दोन्ही हातांनी उचलून धरत होतात.

संध्याकाळी सगळी वस्ती अंगणात जमली. टीव्ही ओट्यावर मांडला होता. मी वायरी जोडल्या, सीडी घातली, गाणं सुरू झालं, आवाज गोठ्याच्या पलीकडं गेला आणि चित्र आलं ते काळं-पांढरं. मी वायरी काढते, फुंकर मारते, पुन्हा जोडते. घाम मानेवरून खाली चाललाय. मागून कुणीतरी म्हणालं, ‘रंगीत टीव्ही हाय न्हवं ह्यो?’ सासूबाई म्हणाल्या, ‘शिकलीया म्हणं.’ तेवढ्यात तुम्ही बाजेवरूनच आवाज दिलात, ‘मीच सांगितलंय तिला तसं करायला. रंगानं डोळं चुरचुरत्यात माझं. आमी लहानपणी बघितला तसला सिनेमा बघायचाय मला. ज्याला रंग पायजेल त्यानं आपल्या घरी जावं.’ लोक हसले. ‘आबांचं खूळ,’ म्हणाले आणि बसले बघत. सासूबाईंनी हळूच विचारलं, ‘कवापासनं चुरचुरत्यात?’ तुम्ही म्हणालात, ‘तू गप बघ.’ पुढच्या सोमवारी मी बारामतीला कामावर गेले.

तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तर मी विसरलेही असते. पण तुम्ही ते खोटं निभावलंत. दूरदर्शनच्या बातम्या लावतानासुद्धा आधी रंगाचं बटण फिरवून रंग घालवायचात आणि बातम्या संपल्या की बाकीच्यांसाठी परत आणायचात. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि पोळी करपायची.

काही महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी सगळी रानात गेलेली असताना, मी सिनेमा लावून कॉम्प्युटरवर इकडंतिकडं चाळत होते. टीव्हीला चित्र कुठल्या देशाच्या पद्धतीनं पाठवायचं, तो देश निवडायची जागा एका कोपऱ्यात सापडली. तिथं अमेरिका होतं. मी भारत केलं आणि टीव्हीवर नायिकेची साडी एकदम हिरवीगार झाली. एवढंच होतं, आबा. मी रडले आणि मग सिनेमा बघत बसले. आता सगळ्यांना दाखवावं तर तुम्ही वस्तीसमोर खोटे ठराल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मीच उघडी पडले असते. मग माझा तो परिपाठच झाला. घरी कुणी नसलं की भारत, तुमची चाहूल लागली की अमेरिका. तुमच्याच घरात, तुम्हाला चोरून, एकटी रंग बघत होते मी.

आणि एक दिवस तुम्ही उसाला पाणी देऊन लवकर आलात. मला चाहूल लागली नाही. ऐकू आलं ते थेट बाहेर रांजणापाशी तुमचं पाय धुणं. तांब्यावर तांब्या ओतताय, मोठ्यानं खाकरताय. मी घाईनं अमेरिका केलं आणि सिनेमाच थांबवला. तुम्ही आत आलात, बाजेवर टेकलात, म्हणालात, ‘चालू दे की. बंद का केलं?’ मी चहा ठेवायला उठले तर उंबऱ्याच्या आत ओल्या चिखलाची दोन पावलं उमटलेली. म्हणजे तुम्ही आधीच येऊन गेला होतात. मी पायपुसण्यानं ती पुसली. त्या वेळी नुसतं ‘आबा, चुकलं माझं’ म्हटलं असतं तर तुम्ही हसला असतात, मला माहीत आहे. मी म्हणाले, ‘साखर कमी टाकू का?’

त्यानंतरही शेवटपर्यंत तुम्ही काळं-पांढरंच पाहिलंत. तुम्ही गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो करायचा होता, लग्नाकार्याला बांधायचात त्या फेट्यातला. तुमचा मुलगा बारामतीच्या स्टुडिओत सांगून आला, ‘आबांना रंग सोसत नव्हते. काळा-पांढराच करा.’ फ्रेम घरी आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी म्हणाले, ‘छान आलाय.’

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आपल्या घरात अजूनही तुमची गोष्ट तशीच सांगतात. परवा माझ्या नातीनं फोटोकडं बोट दाखवून विचारलं, ‘पणजोबांचा फेटा कुठल्या रंगाचा होता?’ सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी लगेच ‘लाल’ म्हणून सांगितलं. पण आबा, लाल होता की गुलाबी, मला खरंच आठवत नाही.